अळिवाच्या लाडवांचा दुसरा डबा

रक्त घेण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, "काही औषधं चालू आहेत का?" पुरुषाकडून "नाही" असं उत्तर आलं, की मी आधी त्याच्या डोक्याकडे बघते.

हा उद्धटपणा नाही, कामाची सवय आहे. वाशीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी मी घरोघरी जाऊन रक्त गोळा करते. पाठीवर सॅक, हातात बर्फाची पेटी आणि खाली स्कूटी. लोक मला सकाळी घरात घेतात ते तोंड धुवायच्या आधी. त्यामुळे मला त्यांचं असं पुष्कळ काही दिसतं, जे त्यांच्या सोसायटीत कुणाला दिसत नाही. मी कमी बोलते. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं म्हणून असेल, असं लोक म्हणतात. इंग्रजीतही मी कमीच बोलते, हे त्यांना कुठे माहीत!

साखर, बीपी, थायरॉइड यांच्या गोळ्या माणसं आढेवेढे न घेता सांगतात. काही जण तर दुकानाचा माल मांडावा तशा पट्ट्या टीपॉयवर मांडतात. पण केसांच्या औषधाचं नाव काढत नाहीत. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले एक शेठ मला म्हणाले, "आपण डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही, बेटा." त्यांच्या टीव्हीमागे केसांच्या फवाऱ्याची बाटली होती. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. "ते मिसेसचं आहे," ते म्हणाले. बाटलीवर ठळक अक्षरांत 'फक्त पुरुषांसाठी' असं छापलं होतं. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि म्हटलं, "मूठ आवळा."

फवाऱ्याचं सोडा, तो टाळूपुरता असतो. लपवू नये अशी गोष्ट आहे ती गोळी. तिचं नाव फिनास्टेराइड. ती काय करते हे समजल्याशिवाय पुढची हकिगत कळणार नाही, म्हणून मला समजलं तेवढं सांगते.

टेस्टोस्टेरॉन हा पुरुषाचा हॉर्मोन, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. शरीर त्यातला थोडा भाग बदलून त्याचाच एक जहाल भाऊ तयार करतं. त्याला डीएचटी म्हणतात. हा भाऊ दाढी-मिशा देतो, म्हातारपणी प्रोस्टेटची गाठ वाढवतो, आणि ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या टाळूवरचे केस बारीक करत करत घालवतो. गोळी हा बदल अडवते. मग डीएचटी धाडकन खाली येतं. टेस्टोस्टेरॉन मात्र असतं तिथेच राहतं, कधी थोडं वरही जातं. त्यामुळे नुसतं टेस्टोस्टेरॉन तपासलं तर सगळं आलबेल दिसतं. डीएचटी तपासलं तरच चोर सापडतो.

एकाच गोळीचे दोन संसार आहेत. छोट्या मात्रेत ती केसांसाठी दिली जाते, मोठ्या मात्रेत म्हाताऱ्यांच्या प्रोस्टेटसाठी. आणि तिची एक खोडी आहे. प्रोस्टेटच्या आजाराचा अंदाज देणारी पीएसए नावाची रक्ततपासणी असते. ही गोळी काही महिने घेतली, की पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर येतो. डॉक्टरांना गोळी माहीत असेल तर ते मनात आकडा दुप्पट करून वाचतात. पण गोळीबद्दल कुणी खोटं सांगितलं, तर वाचणारा कितीही हुशार असो, उत्तर चुकणारच.

कोपरखैरण्याच्या बाजीरावकाकांच्या घरी नेमकं हेच झालं. नावं अर्थातच बदलली आहेत.

काका मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली. गुडघे गेले, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर घर, म्हणून रक्त घ्यायला मी जायची. त्यांच्या हाताच्या शिरा दोरखंडासारख्या. आमच्या धंद्यात असा हात मिळाला की सकाळ चांगली जाते. प्रोस्टेट वाढलं म्हणून त्यांना युरोलॉजिस्टने ती मोठी गोळी लावली होती. दर सहामाहीला पीएसए व्हायचं. पहिल्या वर्षात आकडा उतरत उतरत दोनाच्या आसपास आला. त्याच वर्षी काकांच्या चकचकीत कपाळावर बारीक लव उगवलेली मला दिसली. मी काही बोलले नाही. काकाच एकदा तिथे हात फिरवत म्हणाले, "बघितलंस का पोरी? म्हातारपनी पीक आलंय. खालच्या दुखन्यावर औषध, आन् उगवतंय वर!"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता मिशीला तूप लावा आन् फिरा गावभर."

त्यांचा मुलगा अमोल. तिशीतला, एका मालवाहतूक कंपनीत नोकरी, न्हावा शेव्याच्या यार्डात सतत फेऱ्या. समजूतदार मुलगा. वडिलांची औषधं तोच आणायचा, डॉक्टरकडे तोच न्यायचा, तपासणीच्या वेळी शेजारी तोच बसायचा. त्याचं डोकं वडिलांवर गेलेलं, दोन्ही बाजूंनी खाडी आत शिरल्यासारखं. "ह्याचं एकदा जमू दे," हे काकूंचं पालुपद दर भेटीला असायचं.

नंतरच्या सहामाहीत पीएसए थोडं वर गेलं. त्यापुढच्या वेळी चाराच्या पुढे. युरोलॉजिस्टने विचारलं, "गोळी रोज घेता ना?" काका म्हणाले, "घेतो की." अमोलनेही सांगितलं की घेतात, पट्टी वेळेवर संपते, नवी मीच आणतो. गोळी चालू असून आकडा दुप्पट झाला, म्हणजे लक्षण बरं नाही. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली. सुईने प्रोस्टेटचे तुकडे काढून कॅन्सर आहे का ते बघायचं. पुढच्या आठवड्यातला दिवसही ठरला. घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, 'ते' म्हणत होते. आणि तुळशीच्या लग्नानंतर अमोलचं लग्न ठरलेलं होतं.

हे शेवटचं रक्त मी घेतलं त्या सकाळी अमोलनेही हात पुढे केला. घरी त्याने सांगितलं होतं, "ऑफिसचा हेल्थ चेकअप आहे." मला जिन्यात गाठून म्हणाला, "मॅडम, ते हॉर्मोनचं पॅकेज असतं ना, ते करा. रिपोर्ट मोबाइलवर नको, मी लॅबला येऊन घेईन." नजर जिन्याच्या कठड्यावर. "जरा थकवा वाटतो. बाकी काय नाय."

बाकी काय नाय असं म्हणणाऱ्याचंच बाकी काय ते असतं. "काही औषध चालू आहे का?" मी विचारलं.

"नाय."

मी त्याच्या डोक्याकडे बघितलं. खाडी मागे हटली होती. केस चक्क दाट झाले होते.

अमोलचे रिपोर्ट काही दिवसांनी आले तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं. अमोलचं टेस्टोस्टेरॉन उत्तम होतं. डीएचटी मात्र तळाला. मॅडम चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "गोळी बाप घेतो आणि डीएचटी मुलाचं पडतं? तू ट्यूब उलटसुलट केल्यास का?"

मी प्रत्येक ट्यूबवर माणसासमोर नाव लावते, त्याच्याकडून वाचून घेते. तरीही त्या दिवशी घरी जाईपर्यंत मी मनातल्या मनात ती सकाळ पुन्हा पुन्हा उलगडत होते. आधी काका, मग अमोल. काकांचा हात उजवा. अमोलचा डावा. स्वतःवर संशय आला की माणसाला आपले हातसुद्धा परके वाटतात.

"जा, दोघांचं परत घेऊन ये," मॅडम म्हणाल्या. "आणि बायोप्सीच्या आत."

मी गेले. या वेळी दोन नावं, दोन पिशव्या, मध्ये हात धुणं. काकांवर वाकले तेव्हा लक्षात आलं, त्यांच्या कपाळावरची लव गेली होती. टाळू पूर्वीसारखी लख्ख. एकाचं पीक गेलं आणि दुसऱ्याच्या शेतात उगवलं. माझ्या डोक्यात लगेच गोष्ट तयार झाली. मुलगा बापाच्या गोळ्या चोरतो, पट्टीत दुसरं काहीतरी भरून ठेवतो. औषधं तोच आणतो, मग सोपंच आहे. म्हणून तर म्हणे घरी कळू नये! मला अमोलचा राग आला. बापाला कॅन्सरच्या भीतीत ढकलून हा शेजारी कसा बसतो, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत?

तेवढ्यात खालून वॉचमनने हाक मारली, बाइक हलवा, पाण्याचा टँकर आलाय. अमोल चावी घेऊन उतरला.

काकू म्हणाल्या, "बस गं, उपाशीपोटी फिरतीस. लाडू खा." त्यांच्याकडे कुणी भाची आली होती. तिने फळीवरचा स्टीलचा डबा काढला आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला. अळिवाचा. गूळ, खोबरं, वर बेदाणा. मी तोंडाजवळ नेला, आणि काकूंनी अक्षरशः झडप घालून तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ह्यो न्हवं गं! ह्यो अमोलदादाचा डबा हाय. त्यो दुसरा काढ."

भाची म्हणाली, "आत्ये, एकच तर लाडू. दादा मोजतो काय?"

"बायकान्ला चालत न्हाई त्यो," काकू म्हणाल्या, आणि मला हात धुवायला लावला. साबणाने.

मी दुसऱ्या डब्यातला लाडू हातात धरून उभी राहिले. माझं शिक्षण कुठेही झालेलं असो, अळिवाचे लाडू काय असतात ते मला कळतं. माझ्या बहिणीला बाळंतपणात तेच दिले होते. केस गळू नयेत, अंगात ताकद यावी म्हणून. बायकांनाच चालत नाही असा अळिवाचा लाडू मी आजवर ऐकला नव्हता. बायकांनी हात लावू नये अशी एक वस्तू मात्र मला माहीत होती. त्या गोळीचा चुरा. विशेषतः जिला दिवस आहेत किंवा राहू शकतात तिने तो हाताळायचा नसतो, पोटातल्या मुलग्याला अपाय होऊ शकतो.

गॅलरीत पितळी खलबत्ता उलटा वाळत घातला होता.

अमोल कुठल्याही क्षणी वर आला असता. एरवी मी असा प्रश्न विचारायचं धाडस केलं नसतं. मी काकांसमोर स्टूल ओढून बसले. "काका, तुमची गोळी कुठे जाते?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी भाचीला दूध आणायला पिटाळलं. मग दोघंही डब्याकडे बघत राहिले.

"मीच कुटतो," काका म्हणाले. "हिला हात लावू देत न्हाई. दवाखान्यातला कंपाउंडर म्हनला व्हता, बायकान्नी फोडलेली गोळी धरू नये. त्योच हसत म्हनला, काका, तुमचं केस आलं ते ह्याच गोळीनं."

"अमोलला माहीत आहे?"

"त्याला सांगितलं असतं तर त्यो खातोय व्हय! म्या म्हनलं व्हतं एकदा, केसाची गोळी घे. तर म्हनतो, नको पप्पा, त्यानं पुरुषपन जातंय, दोस्त सांगत्यात. पोरी, लागोपाठ स्थळं गेली. एकीच्या बापानं माझ्यासमोर विचारलं, मुलगा कोन आन् मुलाचा काका कोन? चहाचा कप हातात व्हता माझ्या. ह्यो पोरगा हसला. त्येंच्यासंगं हसला. घरी येताना सबंध रस्ता गप."

काकू पदराने डबा पुसत होत्या. तो स्वच्छच होता.

"मग दुसरी पट्टी आणायची," मी म्हटलं. "स्वतःची का दिलीत?"

"औषध त्योच आनतो. डबल कशी मागू? मला काय, रातचं चार वेळा उठावं लागंल. पोतं उचललंय, उठनं काय जड हाय?"

मी त्यांना समजावून सांगितलं. गोळी बंद झाली म्हणून त्यांचा आकडा मूळच्या जागी परत गेला असेल. डॉक्टर समजतायत गोळी चालू आहे, म्हणून तो आकडा त्यांना दुप्पट भयंकर दिसतो. काका ऐकत होते. हमाल ओझ्याखाली पाय कुठे टाकायचा ते बघतो, तसं एकेक वाक्य चाचपून.

"म्हंजे 'ते' न्हाई मला?"

"ते मी सांगू शकत नाही. कुणीच अजून सांगू शकत नाही. पण डॉक्टर चुकीच्या हिशोबाने बघतायत. त्यांना खरं सांगा."

"पोरगा शेजारी बसलेला असतो."

"त्याला बाहेर पाठवा."

"जात न्हाई गं त्यो. हात धरून बसतो." मग एकदम ठरवल्यासारखं म्हणाले, "टोचू दे सुया. किती टोचतील? पर अमोलला सांगू नगंस. पंधरवड्यावर लगीन हाय. बापानं लाडवातनं चारलं म्हनून कळलं, तर परत ह्या घरात पानी पिल का त्यो?"

जिन्यात पावलं वाजली. मी सॅक उचलली.

आमच्या कामात एक नियम पक्का आहे. रक्त घेणाऱ्याने रक्ताचा अर्थ सांगायचा नाही. मी काकांना सांगून तो मोडला होता. आता बापाचं गुपित मुलापासून आणि मुलाचं बापापासून, अशी दोन्ही माझ्या सॅकमध्ये होती. मी लॅबला जाऊन सगळं मॅडमना सांगितलं. त्या एकदाच म्हणाल्या, "अळिवाचे लाडू!" आणि फोन उचलला. युरोलॉजिस्टशी त्या दोन शब्दांत बोलल्या: गोळी बंद आहे. त्यांनी काकांना तपासायला बोलावलं, बायोप्सी पुढे ढकलली, गोळी नियमित देऊन काही महिन्यांनी पुन्हा पीएसए करायचं ठरवलं. मुलाला कारण सांगितलं नाही.

मुलाला कारण सांगायची वेळ माझ्यावर आली. अमोल रिपोर्ट घ्यायला आला. दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तातही त्याचं डीएचटी तळालाच होतं. मॅडम त्याला केबिनमध्ये घेऊन बसल्या. "ही गोळी घेतल्याशिवाय असं डीएचटी सहसा दिसत नाही. बंद केली की बहुतेकांचं पूर्ववत होतं. पण आधी खरं सांगा."

"मॅडम, आईशप्पथ, मी काही घेत नाय." त्याचा आवाज फाटला. "काय झालंय मला? लग्न आहे माझं. मी तिला काय सांगू? मोडू का?"

इतकी वर्षं मी पुरुषांचं 'नाही' ऐकत आले. प्रत्येक वेळी डोक्याकडे बघून मनात म्हटलं, खोटारडा. याचं 'नाही' खरं होतं. मी त्याला जिन्यात खोटं ठरवलं होतं, त्याच्या घरात चोर ठरवलं होतं, आणि तो बिचारा आपल्याच शरीरावर संशय घेऊन बसला होता. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. काकांना ज्याचं लग्न वाचवायचं होतं, तोच ते मोडायला निघाला होता.

"अळिवाचे लाडू खाऊ नका," मी म्हटलं.

हळूहळू त्याचा चेहरा बदलला. रोज सकाळी दुधासोबत एक लाडू. वेगळा डबा. बाप स्वतः उठून वाढायचा. त्याने रिपोर्टची घडी केली, खिशात घातली आणि गेला.

त्या घरात त्या दिवशी काय झालं ते मला माहीत नाही. लॅबला फोन आला, एवढं कळलं. काका म्हणाले, "ती पोरगी पाठवू नका आमच्याकडं." पुढच्या वेळी आमचा दुसरा मुलगा गेला. मी नियमाने वागले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी कोपरखैरण्याच्या सिग्नलला अजूनही करते. चार शब्द जरा मऊ करून सांगता आले असते. मला तेवढे शब्द सुचले नाहीत.

त्यानंतर पुन्हा काकांच्या पीएसएची वेळ आली, आणि निरोप आला की त्याच पोरीला पाठवा. मी दारात उभी राहिले तर काका म्हणाले, "ये. त्यो दुसरा पोरगा लय बोलतो."

भिंतीवर अमोलच्या लग्नाचा फोटो होता, फेट्यातला. घरात नवी सून होती, सकाळीच ऑफिसला निघालेली. जाता जाता ती अमोलच्या डोक्यावर टपली मारून गेली, "फेट्याने फसवलंन मला!" अमोलने केस अगदी बारीक कापले होते. खाडी पुन्हा आत शिरली होती, पण आता कुणी बांध घालायच्या खटपटीत नव्हतं.

काकांची गोळी अमोल स्वतः देत होता. पाणी दिलं, मग म्हणाला, "तोंड उघडा. जीभ वर."

"पोलीस हायस का बाप हायस?"

"जीभ वर, पप्पा."

काकांनी जीभ वर केली. काकू खो खो हसल्या. काकांचं रक्त मी घेतलं. नंतर कळलं, आकडा पुन्हा उतरणीला लागला होता. डॉक्टरांनी तपासणी चालू ठेवायला सांगितलं, पण 'ते' हा शब्द त्या घरातून गेला.

अमोलनेही हात पुढे केला. त्याला त्याचं डीएचटी पुन्हा बघायचं होतं. या वेळी सगळ्यांसमोर, रिपोर्ट मोबाइलवर. मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि सवयीने विचारलं, "काही औषध चालू आहे का?"

काका खिडकीबाहेर बघू लागले.

"नाही," अमोल म्हणाला.

मी डोक्याकडे बघितलं नाही. "मूठ आवळा," म्हटलं.

निघताना काकूंनी फळीवरचा डबा काढला. एकच होता. त्यातला एक लाडू त्यांनी अमोलला दिला, एक मला. अमोलने तो हातात घेतला, फोडला, अर्धा काकांपुढे धरला. काकांनी आपला अर्धा आधी खाल्ला. मग अमोलने खाल्ला. मग मी.